पैसे कोणाचे, कशासाठी?

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. ‘शिष्यवृत्त्या ढीगभर आहेत असं सगळे म्हणतात, मग मला एकही का सापडत नाही?’ असं विचारलं आहेस आणि पुढच्याच ओळीत सांगितलं आहेस की रोज रात्री ‘कॉलेज शिष्यवृत्ती’ एवढंच टाइप करून शोधत बसतेस. असं शोधलं की जाहिराती आणि ‘टॉप पन्नास’ छापाच्या याद्याच हाती लागणार. त्यातल्या कित्येकींची मुदत कधीच उलटून गेलेली असते आणि उरलेल्यांवर सगळ्या जगाच्या उड्या पडलेल्या असतात.

तू दुसऱ्या टोकाने सुरुवात कर. प्रत्येक शिष्यवृत्तीमागे कुणीतरी असतं आणि त्याने काहीतरी मनात धरून पैसे बाजूला काढलेले असतात. ते कोण आणि त्याच्या मनात काय होतं, हे आधी शोध. तू शिष्यवृत्तीकडे पहिल्या नंबराचं बक्षीस म्हणून बघते आहेस, म्हणूनच ‘माझे गुण काही फार नाहीत’ हे पालुपद तुझ्या पत्रात पुन्हा पुन्हा येतं. गुण लागतात, नाही असं नाही. पण देणाऱ्याला दर वेळी सर्वांत जास्त गुणांचीच मुलगी हवी असते, हा तुझा समज काढून टाक.

जुनी उदाहरणं बघ. १६४३ साली लेडी ॲन मोल्सन यांनी हार्वर्डला शंभर पौंड दिले, ते गरीब विद्यार्थ्याच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून. ब्रिटिश खाणमालक आणि राजकारणी सेसिल ऱ्होड्सला नुसते पुस्तकी किडे नको होते. १९०२ मध्ये तो वारला आणि त्याच्या मृत्युपत्रातून ऑक्सफर्डची ऱ्होड्स शिष्यवृत्ती उभी राहिली, तेव्हा अभ्यासाच्या जोडीला खेळ, चारित्र्य आणि पुढारपण हेही निकष त्याने घालून ठेवले होते. मुलींना मात्र त्यात जागाच नव्हती. ती मिळायला १९७७ उजाडावं लागलं, तेही ब्रिटनमधला कायदा बदलल्यावर. अमेरिकन सरकारची फुलब्राइट शिष्यवृत्ती १९४६ ची. महायुद्ध संपल्यावर परदेशांत पडून राहिलेलं अमेरिकेचं युद्धसाहित्य विकून आलेला पैसा तिच्या मुळाशी आहे, आणि देशोदेशींच्या माणसांनी एकमेकांना ओळखावं हा हेतू. त्यामुळे तिथे अर्ज करणाऱ्याने फक्त आपल्या संशोधनाचं कौतुक लिहिलं तर अर्धा अर्ज कोराच राहिला म्हणायचा. ब्रिटिश सरकारची चीव्हनिंग पदव्युत्तर शिक्षणासाठी आहे, तुला आत्ता तिचा उपयोग नाही. पण तिच्या अटी वाच. किमान २,८०० तास काम केल्याचा अनुभव हवा, आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायचं. यांना परत जाऊन जबाबदारीच्या जागा घेणारी माणसं हवी आहेत, हे त्या दोन ओळींतच कळतं. अशा अटी वाचायची सवय लागली की वेळ फार वाचतो.

आता कुठे शोधायचं. सर्वांत मोठी रक्कम बहुतेकदा कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या स्वतःच्या तिजोरीतून येते आणि नेमकं तिकडेच मुलं सर्वांत शेवटी बघतात. ज्या ज्या ठिकाणी प्रवेशाचा विचार आहे, त्या प्रत्येकाच्या संकेतस्थळावर आर्थिक मदतीचं पान असतं. ते अथपासून इतिपर्यंत वाच. काही ठिकाणी प्रवेशअर्ज केला की शिष्यवृत्तीसाठी आपोआप विचार होतो, काही ठिकाणी वेगळा फॉर्म लागतो आणि त्याची मुदत प्रवेशाच्या मुदतीच्या आधीच संपते. या एका गोष्टीपायी दरवर्षी चांगली चांगली मुलं हळहळत बसतात. दुसरं म्हणजे गरज बघून दिलेली मदत वेगळी आणि गुण बघून दिलेली वेगळी. आयव्ही लीग हा अमेरिकेतल्या जुन्या, नामांकित खाजगी विद्यापीठांचा गट. त्यातली आठही विद्यापीठं गुणवत्तेसाठी म्हणून शिष्यवृत्ती देतच नाहीत. देतात ती घरची परिस्थिती पाहून. त्यांतली हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि या गटाबाहेरची एमआयटी तर परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देतानाही त्याची ऐपत विचारात घेत नाहीत आणि प्रवेश दिला की सिद्ध झालेली सगळी गरज भागवतात. अर्थात तिथे प्रवेश मिळणं हेच महाकर्मकठीण, पण ‘फी बघूनच नाव खोडलं’ असं करू नकोस एवढंच सांगतो. छापील फी आणि प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम यांत जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं. उलट, जिथे फीच नाही तिथे फीसाठी शिष्यवृत्ती शोधत बसायचं कारण नाही. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं शिक्षणशुल्क घेत नाहीत, तिथे प्रश्न फक्त राहण्या-जेवणाच्या खर्चाचा उरतो.

मग तुझ्या आसपासचं वर्तुळ. आई-वडील जिथे नोकरी करतात ती कंपनी किंवा खातं, त्यांची कामगार संघटना, तू शिकलेल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा निधी, ज्या विषयात जाणार आहेस त्यातल्या व्यावसायिकांची संघटना, एखाद्या कुटुंबाने कुणाच्या तरी स्मरणार्थ काढलेला छोटा न्यास. घरात कॉलेजला जाणारी पहिलीच असशील, अपंगत्व असेल, आई किंवा वडील नसतील, तर त्या त्या कारणासाठीही पैसे ठेवलेले असतात. ते मागण्यात कसलाही कमीपणा नाही, ते तुझ्यासारखीसाठीच ठेवलेले आहेत. या छोट्या शिष्यवृत्त्यांच्या रकमा बघून मुलं नाक मुरडतात. पण तिथे गर्दी कमी असते, आणि दोन-तीन मिळाल्या की पुस्तकांचा आणि प्रवासाचा खर्च निघून जातो. यांची माहिती इंटरनेटवर असेलच असं नाही. एखाद्या कार्यालयातल्या सूचनाफलकावर पिवळा पडलेला कागद असतो, नाहीतर ग्रंथपालांना तोंडपाठ असते. जाऊन विचार.

सापडलं की लगेच फॉर्म उघडू नकोस. आधी नियमावली शेवटपर्यंत वाच, बारीक टायपातलं तर दोनदा. डॉ. आंबेडकरांचं उदाहरण तुला ठाऊक असेलच, पण त्यातला कराराचा भाग क्वचित कुणी सांगतं. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. बदल्यात परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. पुढे ते लंडनला गेले, पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे तिथला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं. १९२० मध्ये पुन्हा जाऊन त्यांनी तो पुरा केला. म्हणजे रक्कम किती, मुदत किती, बदल्यात काय, हे तिन्ही प्रश्न तेव्हाही होते आणि आजही तेच आहेत. शिष्यवृत्ती एका वर्षाची आहे की पूर्ण अभ्यासक्रमाची? पुढच्या वर्षी चालू राहायला किती गुण टिकवावे लागतात? विषय बदलला तर बंद होते का? पैसे आधी हातात येतात, की आधी आपण भरायचे आणि पावत्या दाखवून परत मिळवायचे? नोकरीचं बंधन आहे का, आणि मोडलं तर सगळी रक्कम फेडावी लागते का? आणखी एक प्रश्न मुलांना सुचतच नाही. बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली की काही विद्यापीठं स्वतःची मदत तेवढ्याने कमी करतात. काही कमी करतात ती कर्जाचा वाटा आधी, काही सरळ अनुदानालाच हात घालतात. हे लेखी विचारून घे. असं विचारल्याने कुणी नाराज होत नाही. झालंच तर त्या संस्थेबद्दल तुला आधीच काहीतरी कळलं म्हणायचं.

निबंधाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण एका छोट्या निधीच्या निवड समितीवर मी अर्ज वाचतो आणि तिथे काय होतं ते रोज बघतो. तू पाठवलेल्या मसुद्याचं पहिलं वाक्य आहे, ‘लहानपणापासूनच मला समाजासाठी काहीतरी करण्याची तळमळ आहे.’ हे वाक्य मी इतक्या अर्जांत वाचलंय की डोळा त्याच्यावरून घसरून पुढे जातो. ते खोटं आहे असं नाही. ते कुणाचंही असू शकतं, एवढाच त्याचा दोष. त्याच मसुद्यात खाली, चौथ्या परिच्छेदात, तू ओझरतं लिहिलं आहेस की आई रात्रपाळीला जायची तेव्हा धाकट्या भावाचा अभ्यास तू घ्यायचीस. त्याला अपूर्णांक समजेनात, म्हणून कागदाच्या घड्या घालून दाखवायला लागलीस. मग एक दिवस त्याने विचारलं, शून्याने का भागायचं नाही? तुला सांगता आलं नाही, आणि ते शोधता शोधता तू गणितात गुंतत गेलीस. अगं, हीच तर सुरुवात! यात तुझी घरची परिस्थिती आली, जबाबदारी आली, विषय का निवडलास ते आलं, आणि ‘तळमळ’ हा शब्द कुठेही न लिहिता तीही आली. पहिला परिच्छेद काढून टाक आणि चौथा वर घे.

मात्र गरिबीचं रडगाणं गाऊ नकोस. अडचण दोन ओळींत स्पष्ट सांगायची, तिचं पुढे तू काय केलंस यावर जास्त शाई खर्च करायची. एकच निबंध सगळीकडे चिकटवायचा मोहही आवर. गाभा तोच ठेव, पण प्रत्येक ठिकाणी देणाऱ्याचा हेतू बघून सुरुवात आणि शेवट बदल. आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत चक्क दुसऱ्याच संस्थेचं नाव राहून गेलेलं असतं. शब्दमर्यादा पाचशे म्हणजे पाचशे. एआयकडून निबंध लिहून घेण्याबद्दल विचारलं आहेस. काही संस्थांचे त्याबाबत नियम आहेत, ते वाच. नियम नसला तरी माझं मत विचारशील तर भावाच्या त्या प्रश्नाची गोष्ट यंत्राला ठाऊक नाही, ती तुलाच लिहावी लागेल. शुद्धलेखन तपासायला वापर हवं तर.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, पण तिथेच अर्ज अडकतात. गुणपत्रिकेवर, ओळखपत्रावर आणि बँकखात्यावर तुझं नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का, आजच तपास. आडनावाचं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर दुरुस्तीत आठवडे जातात. उत्पन्नाचा पुरावा लवकर काढ, पण फार लवकरही नको. कोणत्या तारखेनंतरचा चालतो ते बघून काढ. सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये, फाइलचं नाव कळेल असं देऊन ठेव. मुदती वहीत लिही, आणि प्रत्येकीसमोर स्वतःची म्हणून एक आठवडा अलीकडची तारीख टाक. शेवटच्या रात्री संकेतस्थळ रडतखडत चालतं, आणि ‘सर्व्हर डाउन होता’ ही सबब कुणी ऐकून घेत नाही. मोठ्या शिष्यवृत्त्यांची दारं प्रवेशाच्या जवळजवळ वर्षभर आधी उघडतात आणि बंदही होतात, तेव्हा पुढच्या वर्षीचं कॅलेंडर आत्ताच लाव.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. शिष्यवृत्ती देण्यासाठी ‘प्रोसेसिंग फी’ मागितली, ‘हमखास मिळेल’ म्हटलं, तू अर्जच न करता तुझी निवड झाल्याचा मेसेज आला किंवा कुणी ओटीपी मागितला, तर तिथेच थांब. मध्यस्थाच्या नादी लागू नकोस.

नकार येतील. एखादा नकार मनाला लागला तर कारण विचारणारी दोन ओळींची नम्र ईमेल कर. उत्तर मिळेलच असं नाही, पण मिळालं तर पुढच्या अर्जाला कामाला येतं. मिळाली तर आभाराचं पत्र पाठव, आणि चालू ठेवण्याच्या अटी भिंतीवर लावून ठेव.

शिफारसपत्राबद्दल तू संकोचाने विचारलं आहेस. माझं नाव जरूर दे. पण मी तुला फक्त वर्गात ओळखतो. ज्या ठिकाणी जबाबदारी किंवा काम बघतात, तिथे तुला काम करताना पाहिलेल्या माणसाचं पत्र जास्त वजनदार ठरेल, मग तो माणूस मोठ्या पदावर नसला तरी चालेल. मला मुदतीच्या निदान तीन आठवडे आधी कळव. सोबत शिष्यवृत्तीची माहिती, तुझा निबंध आणि माझ्या वर्गात तू केलेल्या एखाद्या कामाची आठवण करून दे, म्हणजे मला ‘ही विद्यार्थिनी हुशार व होतकरू आहे’ एवढ्यावर भागवावं लागणार नाही. निबंधाचा नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव. पीडीएफ नको, मला दुरुस्त्या करता येतील अशी फाइल पाठव.

तुझे,
सर