जुन्या संगणकावर लिनक्स टाकताना तो सुरू होता होताच कोसळतो. दोष कुठे शोधावा?

आपला प्रश्न असा आहे की नागपुरात बर्डीवरून घेतलेल्या एका वापरलेल्या डेस्कटॉपवर आपण उबुंटू ही लिनक्सची एक आवृत्ती टाकत आहात, पेनड्राइव्हचा मेनू व्यवस्थित दिसतो, पण पुढे गेल्यावर कधी स्क्रीन काळी पडते, तर कधी ओळींमागून ओळी येऊन 'कर्नल पॅनिक' (लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, कोसळल्याचा संदेश) असे दिसते आणि सारे गोठते. दुकानदाराच्या मते या मशीनला लिनक्स चालतच नाही. मी येथील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकांची देखभाल करतो आणि जुन्या मशीनवर लिनक्स टाकणे हे माझे नेहमीचे काम आहे. दुकानदाराचा निष्कर्ष मला पटत नाही, कारण तो कोणतीही तपासणी न करता काढलेला आहे.

मेनू दिसतो, ही आपल्या बाजूची मोठी गोष्ट आहे. संगणकाचे बायोस, म्हणजे मदरबोर्डवरील मूळ प्रोग्राम, पेनड्राइव्ह ओळखते आणि ग्रब हा बूटलोडर (लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) चालू होतो, एवढे त्यावरून सिद्ध होते. म्हणजे बिघाड त्यानंतरच्या टप्प्यांत आहे: कर्नल आणि त्यासोबतची आरंभीची फाइल-प्रणाली मेमरीत चढणे, डिस्क व ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर जागे होणे, आणि शेवटी पहिली प्रक्रिया सुरू होणे. म्हणून बायोसमधील प्रत्येक पर्याय उलटसुलट करून पाहण्यात तूर्त वेळ घालवू नये.

प्रथम संगणकाला बोलते करावे. मेनूतील ओळीवर असताना 'ई' ही कळ दाबली की सुरू होण्याच्या आज्ञा दिसतात. त्यांपैकी 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतील 'क्वायट' आणि 'स्प्लॅश' हे दोन शब्द खोडून एफ१० दाबावे. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे काही बिघडण्याची भीती नाही. आता बोधचिन्हाऐवजी कर्नल जे जे करतो त्याची नोंद स्क्रीनवर उमटेल. ओळी वेगाने सरकत असतील तर मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करावे. ते पाहताना लक्ष शेवटच्या ओळीवर नव्हे, तर पहिल्या त्रुटीवर ठेवावे, कारण 'कर्नल पॅनिक' हा बहुधा परिणाम असतो आणि कारण त्याच्या बऱ्याच ओळी आधी लिहिलेले असते.

असे काही वेळा करून दोन चित्रीकरणे शेजारी ठेवून पाहावीत. संगणक दर वेळी त्याच ठिकाणी, त्याच संदेशासह थांबतो की दर वेळी वेगळ्या ठिकाणी? माझ्या मते साऱ्या तपासणीत याहून महत्त्वाचा प्रश्न नाही. सॉफ्टवेअरचा दोष सहसा ठरलेल्या जागी अडतो. जागा बदलत राहिली तर संशय रॅमवर, पेनड्राइव्हवर किंवा वीजपुरवठ्याच्या पेटीवर जातो. आपल्या वर्णनात कधी काळी स्क्रीन आणि कधी पॅनिक असे आहे, म्हणून मी हार्डवेअरपासून सुरुवात करीन.

त्यातही सर्वांत स्वस्त तपासणी आधी करावी. उतरवलेल्या आयएसओ फाइलची (उबुंटू इन्स्टॉल करण्याच्या मूळ फाइलची) शा-२५६ बेरीज, म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे का हे दाखवणारी अक्षर-अंकांची खूण, विंडोजमधील 'सर्टयुटिल' आज्ञेने काढून उबुंटूच्या अधिकृत बेरजेशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावी. ती जुळली तरी पेनड्राइव्ह निर्दोष आहे असे ठरत नाही. क्षमता खोटी दाखवणारे पेनड्राइव्ह बाजारात मिळतात, तेव्हा दुसऱ्या, खात्रीच्या पेनड्राइव्हवर फाइल पुन्हा लिहावी आणि तो कॅबिनेटच्या मागील बाजूच्या यूएसबी पोर्टमध्ये लावावा.

मग रॅम. वीज पूर्ण तोडून पट्ट्या काढाव्यात, त्यांचे सोनेरी संपर्क स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने पुसावेत, खाचेतील धूळ ब्रशने काढावी आणि एका वेळी एकच पट्टी लावून संगणक सुरू करून पाहावा. आपल्याकडे हे अधिक महत्त्वाचे आहे, कारण उन्हाळ्यात नागपूरच्या घराघरांत वाळ्याचा कूलर चालतो आणि त्याच्या थेट झोतात ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये दमट हवा आणि धूळ दोन्ही जातात. संगणक त्या झोतातून बाजूला ठेवावा ही माझी आग्रहाची विनंती आहे. यानंतर मेमटेस्ट८६+ हा मुक्त प्रोग्राम निदान एक पूर्ण फेरी चालू द्यावा. रॅम जास्त असेल तर त्याला काही तास लागू शकतात. त्यात एकही त्रुटी दिसली तरी ती पट्टी वापरू नये. अशा रॅमवर इन्स्टॉलेशन कसेबसे पार पडले, तरी पुढे फाइली नकळत खराब होत राहतात.

याउलट संदेश दर वेळी तोच असेल तर तो संदेशच वाट दाखवतो. त्रुटी न येता स्क्रीन काळी होत असेल आणि एनव्हिडियाचे जुने कार्ड असेल, तर वर सांगितलेल्या ओळीत 'नोमोडसेट' हा शब्द रोमन लहान अक्षरांत, सलग लिहून पाहावा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर स्क्रीनचा ताबा घेणे त्याने टळते. 'अनेबल टु माउंट रूट एफएस' असे आल्यास कर्नलला आरंभीची फाइल-प्रणाली किंवा डिस्क सापडलेली नाही, आणि पेनड्राइव्हवरून सुरू करताना याचे कारण बहुधा अपुरी लिहिली गेलेली फाइल हेच असते.

'अटेम्प्टेड टु किल इनिट' (इनिट म्हणजे कर्नल सुरू करतो ती पहिली प्रक्रिया) या संदेशाची एक वेगळीच कथा आहे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ आणि त्यावर आधारलेल्या अल्मा, रॉकी या प्रणालींना एसएसई ४.२ सारख्या सूचना जाणणारा प्रोसेसर लागतो. इंटेलचा जुना कोअर २ ड्युओ प्रोसेसर ६४-बिट असूनही त्यात त्या नाहीत, त्यामुळे पहिलीच प्रक्रिया मरते आणि कर्नल कोसळतो. उबुंटू २४.०४ किंवा डेबियन १२ ला ही अट नाही. म्हणजे 'या मशीनला लिनक्स चालत नाही' हे वाक्य एखाद्या विशिष्ट आवृत्तीपुरते खरे असू शकते, साऱ्या लिनक्सबाबत नव्हे.

वापरलेल्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरील सीआर२०३२ बॅटरी संपलेली असणे अगदी नेहमीचे आहे. प्लग काढला की तारीख मागे जात असेल, तर बायोसमध्ये केलेला प्रत्येक बदलही पुसला जातो आणि आपण मात्र तो टिकला आहे असे समजून पुढे शोधत राहतो. ती आधी बदलावी. डिस्कवर विंडोज आणि कामाच्या फाइली असतील तर त्यांची प्रत काढल्याशिवाय बायोसमधील साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड बदलू नये, कारण त्यानंतर विंडोज सुरू होण्यास नकार देऊ शकते.

'एसीपीआय ऑफ', 'नोएपिक' असे पर्याय कुठूनतरी उचलून एकदम ओळीत भरू नयेत. त्यातील पहिल्याने वीज-व्यवस्थापनच बंद पडते, आणि पाच पर्याय एकत्र दिल्यावर संगणक चालू झाला तर कोणत्या पर्यायाने काम झाले हे कळत नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा.

एवढे करूनही अडचण राहिली तर प्रोसेसरचे नाव, रॅमचे प्रमाण, ग्राफिक्स कार्ड, उबुंटूची नेमकी आवृत्ती, मेमटेस्टचा निकाल आणि पहिल्या त्रुटीच्या आसपासच्या वीसेक ओळींचे स्पष्ट छायाचित्र येथे जोडावे. ते पाहून मी पुढचे पाऊल सांगेन.