गोठा धुतलेल्या पाण्याला शोषखड्डा केवढा काढायचा?

प्रश्न गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका भावाचा. दोन गायी, सकाळ-संध्याकाळ पायपाने गोठा धुतात, पाणी अंगणात साचून मच्छर होतात. शेजारी म्हणतो 3 बाय 3 फूट खड्डा काढ, 3 फूट खोल, झालं काम.

भाऊ, शेजाऱ्याचं माप शेजाऱ्याच्या जमिनीला ठीक असेल, तुमची जमीन किती पाणी पिते ते आधी बघा. पाणी शोषायचं त्याच खोलीवर फूटभर लांब-रुंद आणि फूटभर खोल खड्डा घ्या, पाणी भरून रात्रभर मुरू द्या, सकाळी परत थोडं भरून 25 मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोबाईलवर मोजा. पण हे मे महिन्यात करू नका हां, तेव्हा चिऱ्याची (जांभ्या दगडाची) जमीन पाणी गटागट पिते आणि जुलैत तोच खड्डा वरून वाहतो. पाऊस सरता सरता मोजलं तर खरा आकडा मिळतो.

समजा 16 मिनिटं लागली. 204 ला (हा या सूत्रातला ठरलेला आकडा) 16 च्या वर्गमुळाने, म्हणजे 4 ने भागा, 51 आले, म्हणजे खड्ड्याच्या भिंतीच्या चौरस मीटरला दिवसाला 51 लिटर मुरतात. तुमचं पाणी दिवसाला 200 लिटर धरलं (धरू नका, पायपाखाली बादली ठेवून मोजा) तर साधारण 4 चौरस मीटर भिंत लागते. तळ हिशोबात घेऊ नका, तो गाळाने पहिला बुजतो. 1 मीटर व्यासाचा गोल खड्डा, पायपाच्या तोंडाखाली 1.3 मीटर खोल, की जमलं. शेजाऱ्याच्या खड्ड्यात पाईप फूटभर खाली बसवला तर जेमतेम सव्वादोन चौरस मीटर भिंत उरते, जवळपास निम्मीच. आणि 30 मिनिटांच्या वर लागली तर शोषखड्ड्याचा नादच सोडा.

शेण मात्र आधी फावड्याने ओढून खताच्या खड्ड्यात टाका, मगच धुवा, आणि मध्ये एक छोटी गाळटाकी ठेवा, नाहीतर कितीही मोठा खड्डा काढा, भिंतीवर शेणाचा थर बसतो आणि पाणी मुरायचं बंद. विहिरीपासून निदान 18 मीटर लांब. खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात) किंवा पावसात पाणी वर येतं अशा सखल जागी नकोच. खरं सांगायचं तर माड-केळी जवळ असतील तर गाळलेलं पाणी पाट काढून आळीपाळीने तिकडेच सोडा, मला तेच जास्त पटतं, खड्डा फक्त उरलेल्याला.

फवारणीचा पंप धुतलेलं पाणी मात्र या खड्ड्यात अजिबात ओतू नका.