नुसता ‘जेव्ही’ क्रमांक बघून पैसे देऊ नकोस

फेंडर जपानची जुनी गिटार घेणार असशील तर आधी मॉडेलचं नाव वाच. ‘एसटी६२-५५’ मधले ५५ म्हणजे तेव्हाची किंमत, ५५ हजार येन. ‘एसटी५७-११५’ ची १ लाख १५ हजार. आकडा वाढला की लाकूड, पिकअप (तारांचा आवाज टिपणारे चुंबकी भाग) आणि फिनिश सुधारतं.

१९८२ पासून जपानमधल्या मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात बनलेल्या ‘जेव्ही’ गिटारींचा, म्हणजे ज्यांचा अनुक्रमांक ‘जेव्ही’ने सुरू होतो त्यांचा, बोलबाला आहे आणि तो रास्तच आहे. पण स्ट्रॅटवर (स्ट्रॅटोकास्टर मॉडेलवर) तो क्रमांक नेक प्लेटवर, म्हणजे नेक बॉडीला जोडणाऱ्या मागच्या धातूच्या पट्टीवर असतो, आणि चार स्क्रू काढले की प्लेट बदलते! म्हणून नेक उघडून काढलेले फोटो मागच. हीलवरचा (नेकच्या बॉडीत बसणाऱ्या टोकावरचा) शिक्का, पिकअपच्या वायरी नीट बघ. ट्रस रॉड (नेकचा बाक नीट करणारी आतली सळई) फिरतो का, तेही विचार. नेक सरळ असेल तर साधे पिकअप मी खुशाल चालवून घेईन, ते नंतर बदलता येतात.