बोइंग ७४७-४३७ मधला ३७ कशाचा?

३७ हा एअर इंडियाचा ग्राहक क्रमांक. आधीचा ४ म्हणजे ४०० मालिका. ७०७ च्या काळापासून बोइंगने गिऱ्हाईकांना असे क्रमांक दिले. पॅन ॲमला २१, ब्रिटिश एअरवेजला ३६. आकडे पुरेनात तेव्हा अक्षरं मिसळली, म्हणून जेट एअरवेजचं ७३७-८५आर. गंमत म्हणजे विमान पुढे कुणालाही विका, खूण ज्याच्यासाठी बनलं त्याचीच. माहेरचं आडनावच म्हणा ना! नेरूळच्या गच्चीत ट्रॅकिंग ॲप उघडून बसतो तेव्हा मी आधी हेच पाहतो. ७८७ वर मात्र ही खूण नाही. आणि एअरबसमध्ये शोधूच नका: ए३२०-२३२ मधल्या २३२ चा मधला ३ गिऱ्हाइकाचा नाही, इंजिन बनवणाऱ्याचा.