लॅम्प्स शिकायला घेतोयस? आधी एककं बघ
ताळगाव पठारावर, गोवा विद्यापीठात एम.एस्सी. करता करताच लॅम्प्सला (LAMMPS, अणू-रेणूंच्या हालचालींचं संगणकावर अनुकरण करणारा प्रोग्राम) हात घालतोयस, उत्तम! पण पहिल्याच आठवड्यात पाण्यातल्या प्रथिनासारखं मोठं अनुकरण करायची घाई नको. सोबत मिळणाऱ्या उदाहरणांतलं 'मेल्ट' चालव: 4000 अणू, लेनर्ड-जोन्स विभव (दोन अणूंमधल्या आकर्षण-प्रतिकर्षणाचं साधं सूत्र). साध्या लॅपटॉपवर चुटकीसरशी होतं. मग त्यातला एकेक आकडा बदलून बघ.

नवशिके सगळ्यात जास्त आपटतात ते एककांवर. लॅम्प्समध्ये एककांचे वेगवेगळे संच असतात: 'रिअल'मध्ये वेळ फेम्टोसेकंदात, 'मेटल'मध्ये पिकोसेकंदात (1 पिकोसेकंद = 1000 फेम्टोसेकंद). 'रिअल'च्या सवयीने 'मेटल'मध्ये टाइमस्टेप (गणनेची एक काळ-पायरी) 1 लिहिलास की पायरी हजारपट मोठी! अणू उधळतात आणि 'लॉस्ट अ‍ॅटम्स' (अणू हरवले) म्हणत गाडं थांबतं. हा संदेश दाबून टाकायची आज्ञाही आहे, म्हणूनच सांगतो, तिच्या नादी लागू नकोस. आधी टाइमस्टेप तपास. मग अणू एकमेकांवर चढलेत का बघ; चढले असतील तर सुरुवातीला मिनिमाइझ (अणू सरकवून ऊर्जा कमी करणारी आज्ञा) चालव.

एनव्हीईमध्ये (अणूंची संख्या, आकारमान आणि ऊर्जा स्थिर ठेवणारी पद्धत) एकूण ऊर्जा स्थिर राहते का, तेही पाहायचं. ती सरकत असेल तर पुढचे आलेख काढण्यात अर्थ नाही. आणि ओव्हिटोत (अणूंची चित्रं दाखवणारा प्रोग्राम) चित्र बघच, बऱ्याच चुका तिथे लगेच दिसतात.

जीपीयू, स्वतःचं विभव वगैरे नंतर. रीस्टार्ट फाइल (जिथे थांबलं तिथून पुन्हा सुरू करायची नोंद) मात्र पहिल्यापासून लिहीत जा. आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही. अडलास तर इनपुट आणि लॉग दोन्ही पाठव, नुसता एररचा फोटो नको.