उत्तर देणारे मोज

अगं,

रविवारी बडोद्याच्या सूरसागर तळ्याच्या काठाशी तू अर्धा तास बोललीस आणि एक प्रश्न सोडला तर मी नुसतं हूं हूं करत राहिलो. तोंडी सांगायला गेलो असतो तर आवाज चढला असता, म्हणून हे पत्र.

तुझा पेच मला कळला. टेलिग्रामवरच्या तुमच्या पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांच्या गटात चारशे माणसं. नवीन मुलं कोड चिकटवायचं सोडून मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढून टाकतात. त्यात मधोमध ट्यूबलाइटची रेघ, आणि चुकलेली ओळ नेमकी कडेला कापलेली. जुने वैतागतात, तिरकस बोलतात. मग तू मतदान घेतलंस, नवशिक्यांचा वेगळा गट काढू का? ६१ हो, ९ नाही. आणि तुला वाटतं, निकाल लागला.

कसला निकाल! त्या ६१ जणांत उत्तर देणारे किती? हे विचारलं तेव्हा तू सेव-उसळीच्या ताटलीत चमचा फिरवत बसलीस.

हा घोळ काही तुमच्यापासून सुरू झालेला नाही. यूझनेट म्हणजे संगणकांवरच्या चर्चागटांचं जुनं जाळं. तिथे १९८७ साली गटांची नावं बदलून सात मोठ्या शाखा पाडल्या. पुढे नव्या गटासाठी रीतच ठरली: आधी प्रस्ताव, मग चर्चा, मग मतदान. होकार नकारांपेक्षा निदान १०० नी जास्त हवेत, शिवाय एकूण मतांच्या दोन-तृतीयांश तरी हवेत. तुझे ६१ तिथे दारातच अडले असते. पण एवढ्या कडक नियमालाही एक भोक होतं. हो म्हणायला पदरचं काही जात नाही. हो म्हणणारा उद्या तिथे बसून कुणाचं तरी अडलेलं लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा कोड, सोडवेल, याची हमी मतपत्रिकेत नसते. म्हणून म्हणतो, मतं मोजू नकोस, उत्तर देणारे मोज.

तेच तेच प्रश्न येतात म्हणून वेगळा गट? यूझनेटवरच्या सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या गटात काय कमी येत होते? नल पॉइंटर, अ‍ॅरे आणि पॉइंटर यातला फरक, दर आठवड्याला नव्या माणसाकडून. स्टीव्ह समिट नावाच्या माणसाने त्या प्रश्नांची उत्तरं नीट लिहून काढली आणि दर महिन्याला तिथे टाकत राहिला. दर महिन्याला! कंटाळा त्यालाही येत असेलच. सीसाठी वेगळा गट निघाला तो त्या भाषेच्या अधिकृत नियमांच्या (स्टँडर्डच्या) चर्चेसाठी, ‘माझा कोड का चालत नाही’ विचारणाऱ्यांना बाहेर बसवण्यासाठी नव्हे. तिथला प्रश्नच वेगळ्या जातीचा होता, आणि त्यावर बोलणारी माणसंही होती.

तू पायथॉनच्या ‘ट्यूटर’ नावाच्या ईमेल लिस्टचं उदाहरण दिलंस. बरोबर आहे, ती नवशिक्यांचीच. पण ती चालली कशी, ते बघ. काही माणसं वर्षानुवर्षं तिथे ठाण मांडून बसली, पहिलीतल्या मास्तरासारखी. तुझ्याकडे अशी कोण आहेत? नावं सांग. पुन्हा तेच विचारतोय, कारण तू पुन्हा तेच टाळते आहेस.

हे मी कुठल्या तोऱ्यात सांगतोय असं वाटेल. मी स्वतः हेच करून बसलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या गटात असाच वैताग झाला, आणि ‘नवे तिकडे, जुने इकडे’ हा ठराव माझाच. नवे भराभर तिकडे गेले. जुने म्हणाले, येऊ की अधूनमधून. पहिला आठवडा आलेही. मग मीही कामात बुडालो. महिनाभराने डोकावलो तर शेवटचा प्रश्न एका मुलीचा. तिचं व्हाइल लूप थांबत नव्हतं. खाली तिनेच चार दिवसांनी लिहिलेलं, ‘कोणी आहे का?’ उत्तर एका ओळीचं होतं, फेऱ्या मोजणारा आय दर फेरीला एकने वाढवायचा राहिला होता. मी लिहिलं. ती पुन्हा आली नाही. आपण त्या पोरांना रिकाम्या खोलीत नेऊन बसवलं आणि बाहेरून कडी घातली, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

तेव्हापासून कुणी वेगळ्या गटाचं नाव काढलं की मी आडवा येतो. आपल्या दांडिया बाजारातल्या पोरांना मराठीतून बोलायला वेगळा गट हवा होता, तेव्हाही आडवा आलो. आधीच मूठभर माणसं, ती आणखी वाटून काय होणार म्हणालो. ते ऐकले नाहीत, बारा जण निघून गेले, आणि तो गट आजही मस्त चाललाय. पण का चाललाय? बारांतले तिघे रोज उत्तर देणारे होते! म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं, असं मी सगळ्यांना सांगतो. तुझी काकू म्हणते, हरल्यावर नियम समजावून सांगायची खोड काही जात नाही. म्हणू दे.

मला भिंतींचं वावडं नाही. मांडवीजवळची आपली सेंट्रल लायब्ररी आठव. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली. तिथे पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे. खाली उभं राहिलं की वरच्या माणसाच्या पावलांची सावली दिसते. मजला वेगळा, पण वर कुणीतरी आहे हे खालच्याला कळतं. टेलिग्रामच्या गटात २०२२ पासून विषयवार कप्पे करता येतात, तसा एक कप्पा नवशिक्यांसाठी कर. जुन्यांच्या डोळ्यांसमोर तरी राहील. फोटोंचा त्रास असेल तर कोड कसा चिकटवायचा ते चार ओळींत लिहून वर टाचून ठेव. दहा मिनिटांचं काम, मतदानाला तू दोन दिवस घालवलेस.

त्याआधी मात्र एक कर. गेल्या पंधरा दिवसांतले प्रश्न एका कागदावर उतरव आणि प्रत्येकासमोर उत्तर कुणी दिलं ते लिही. ‘गूगल कर’ हे उत्तर धरायचं नाही. येत्या रविवारी कागद घेऊन ये. आणि त्या रकान्यात पुन्हा पुन्हा तुझंच नाव आलं, तर लाजून खोडू नकोस. मला तसा संशय आहेच.

तुझा,
काका