सावरीचा धबधबा आणि बुडबुड तळी, एका दिवसात होईल का?

प्रश्न: नमस्कार, आम्ही डिचोलीला राहतो. गणपतीची चवथ झाली की एखाद्या रविवारी दक्षिण गोव्यातल्या नेत्रावळीला जायचं ठरवतोय. सावरी, मैनापी दोन्ही धबधबे आणि शेवटी ती बुडबुड्यांची तळी, असं सगळं एका दिवसात करायचंय. सोबत आई आहे (वय 64, गुडघे थोडे दुखतात) आणि 9 वर्षांचा मुलगा. जमेल का? आणि टाळ्या वाजवल्या की तळीत बुडबुडे येतात हे खरं की उगाच सांगतात? (एक वाचक भगिनी, डिचोली)

उत्तर: ताई, मैनापी या खेपेला सोडा. तुम्ही दोघंच असता तर मी जा म्हटलं असतं, पण तिथली चाल जास्त, चढ आहे, दगड शेवाळलेले असतात आणि दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. सावरी आणि तळी एवढं धरा, दिवस छान जाईल आणि आईपण खूश राहतील.

डिचोलीहून फोंडा, सावर्डे, सांगे करत जायला अडीच तास धरा, म्हणजे घरातून सहाला निघा. वाटेत साळावली धरणाला थांबायचा मोह होईलच, पाणी भरलेलं असलं की ते गोल तोंडातून खाली कोसळताना बघत राहावंसं वाटतं (याच पाण्याखाली गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी गाव आहे, मे महिन्यात पाणी उतरलं की तिथलं सोमेश्वराचं देऊळ वर येतं). पण धरण परतीच्या वाटेवर ठेवा, कारण डोंगरात पाऊस बऱ्याचदा दुपारनंतर धरतो आणि धबधबा त्याच्या आधी उरकलेला बरा.

आता मुख्य गोष्ट. 2023 च्या जुलैत मैनापीला दोघं जण बुडाले, त्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदीच घातली होती. पावसाळ्यात नियम बदलत असतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करूनच निघा. वनखात्याच्या नाक्यावर तिकीट काढाल तेव्हा तिथल्याच गावातला एखादा वाटाड्या घ्या, पैसे वाचवायची ही जागा नाही. हे 211 चौरस किलोमीटरचं जंगल आहे, 1999 साली अभयारण्य झालं, मोबाईलला रेंज बहुतेक ठिकाणी नसते, आणि गावच्या माणसाला व्हाळाचं (ओढ्याचं) पाणी बघून कळतं ते आपल्याला कळत नाही.

हे मी अनुभवावरून सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघी व्हाळाच्या मधल्या एका सपाट दगडावर डबा उघडून बसलो होतो, डोक्यावर ऊन, पाणी इतकं नितळ की तळातले खडे मोजावेत. आमच्यासोबतचा काका एकदम म्हणाला, "उठा, पानं येताहेत." मला आधी कळलंच नाही. बघितलं तर पाण्यावरून सुकी पानं आणि काटक्या वाहत येत होत्या आणि कडेला पाण्याचा रंग चहासारखा व्हायला लागला होता, म्हणजे वर घाटमाथ्यावर पाऊस सुरू झालेला, आमच्याकडे थेंबसुद्धा नव्हता. डबे तसेच उचलून काठावर चढलो आणि पंधरा मिनिटांत तो दगड दिसेनासा झाला. तेव्हा मुलाला हे निघायच्या आधीच घरी समजावून सांगा: पानं, फेस, गढूळ रंग किंवा आवाज वाढला, यातलं एक जरी दिसलं तरी खेळ सोडून वर यायचं, बॅग राहिली तर राहू दे. आणि व्हाळ ओलांडून गेलात आणि पाणी वाढलं तर परत ओलांडायची घाई करू नका, वाट बघा. डोंगरातलं पाणी चढतं तसं पाऊस थांबला की बऱ्यापैकी उतरतं पण.

धबधब्याखालच्या डोहात उतरू नका, वरून उथळ दिसतो पण खाली दगडांच्या कपारी असतात आणि पडणारं पाणी माणसाला खाली दाबतं. काठावर बसून पाय भिजवले तरी मजा येते.

आता तळी. ती गोपीनाथाच्या देवळाला लागून आहे, रस्त्याजवळच, त्यामुळे आईंना काही त्रास नाही. बांधीव पायऱ्या, हिरवट स्वच्छ पाणी, आत मासे. बुडबुडे खरे आहेत, पण गेल्या गेल्या टाळ्या वाजवू नका. आधी पाच मिनिटं गप्प बसा. तळातून एकेक माळ वर येताना दिसेल, मध्येच थांबेल, मग दुसऱ्याच कोपऱ्यात सुरू होईल, म्हणजे ते आपलेआपण येतच असतात. मग टाळ्या वाजवा आणि फरक पडतो का ते मुलालाच मोजायला सांगा, त्याच्यासाठी सगळ्या ट्रिपमधली ही सगळ्यात मोठी गोष्ट ठरेल. देवळाची तळी आहे, साबण, शॅम्पू, चिप्सची पाकिटं काही नको.

प्रश्न: जळवांची खूप भीती वाटते, मीठ न्यायचं का? (एक कॉलेज विद्यार्थिनी, म्हापसा)

उत्तर: मीठ न्या हवं तर, पण नख जास्त कामाचं. जळू चिकटली की तिच्या बारीक टोकाखाली, म्हणजे तोंडाकडे, नख सरकवून बाजूला ढकला, सुटते. ओढून काढू नका आणि काडेपेटीने चटका देऊ नका. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेने ते गोठत नाही, त्याला घाबरू नका, धुऊन कापसाने दाबून धरा. लांब मोजे घाला आणि पॅन्ट मोज्यात खोचा. आणि वाटेत उभं राहून फोटो काढण्यापेक्षा चालत राहा, थांबलेल्या पायावर त्या लगेच चढतात.